सासऱ्यांना घामच येत नाही, आणि पोरगी म्हणते गोळीचा संबंध नाही

मेडिकलवाली, महाल
२२ मे, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. अर्धवट सांगितला तर तुम्ही परत विचारणारच, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

नागपूरच्या महालात आमचं छोटं मेडिकल आहे. डी. फार्म झालंय, काउंटरवर सतरा वर्षं काढली. सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे, मी त्यांना मामाजी म्हणते. रात्री चार-चारदा लघवीला उठायचे, कधी बाथरूम गाठायच्या आतच कपडे ओले व्हायचे. एप्रिलच्या सुरुवातीला डॉक्टरांनी सॉलिफेनासिन लिहून दिली. मूत्राशय शांत ठेवणारी गोळी. आठवड्याभरात मामाजी सलग झोपायला लागले. तेही खूश, आम्हीही खूश.

पहिली तक्रार आली ती खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची. "त्या पोट्ट्यानं सुपारी बदलली काय? खर्रा तोंडात ओलाच होऊन नाही राहिला." तीन पानठेले बदलून झाले, तरी तेच. मी मनात म्हटलं, बरंच आहे, या निमित्तानं सुटेल. या गोळीनं तोंड कोरडं पडतं हे मला माहीत होतं, गिऱ्हाइकांना मीच सांगते. पण माझं डोकं तोंडापाशीच थांबलं, पुढं गेलंच नाही.

मग मे लागला. आपल्याकडची हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसायच्या आधीच उडून जातो, पण मीठ मागं राहतं. धुण्याच्या बादलीत नवऱ्याची बनियन असते, तिच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा, एखाद्या नदीचा नकाशा काढल्यासारख्या. मामाजींची बनियन मात्र सकाळी घातली तशीच. रेघ नाही, वास नाही, बगलेत डाग नाही. ते वरून आम्हालाच सांगत, "मला घाम येऊनच नाही राहिला या वर्षी. तुम्ही लोकं नाजूक आहा."

परवा दुपारी एकला, सगळ्यांनी नको म्हटलं तरी, बडकस चौकापर्यंत जाऊन येतो म्हणून निघाले. अडीचला परत आले. तोंड लालबुंद. हात धरला तर चटका बसावा इतका गरम, आणि खरखरीत कोरडा. मला नणंदेच्या नावानं हाक मारली. मग विचारलं, दुकानाचं कुलूप कुठं ठेवलं. हे दुकान त्यांनी विकून पंधरा वर्षं झाली. बगलेत थर्मामीटर लावला तर १०३.४.

मी काय केलं, तर कैरीचं पन्हं पाजलं, ओआरएसचं पाकीट घोळलं, पॅरासिटामॉल दिली. पाऊण तास काही फरक नाही. शेवटी नवऱ्यानं चादर नळाखाली धरली, त्यांना त्यात गुंडाळलं आणि कूलरच्या पुढ्यात बसवलं. वीस मिनिटांत माणूस ताळ्यावर. "काहून गुंडाळलं मले? मेलो काय मी?" दवाखान्यात यायला साफ नकार.

रात्री मी म्हटलं, हे त्या गोळीचं आहे. मुलगी मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा रिपीट करतेय, तिनं क्लासचा चार्ट समोर धरला. डावीकडे सिम्पथेटिक, घाम वाढवते, रसायन नॉरअ‍ॅड्रेनलिन. उजवीकडे पॅरासिम्पथेटिक, रसायन अ‍ॅसिटिलकोलीन. "मम्मी, तुझी गोळी अ‍ॅसिटिलकोलीनला अडवते. म्हणजे ती उजव्या रकान्यातली. घाम डाव्या रकान्यात आहे. संबंधच नाही." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजची गोळी दिलेली नाही, उद्या सकाळी त्यांना डॉक्टरांकडे नेतेच आहे. पण चार्ट खरा की बनियन, हे कुणी सांगेल का?


भाऊ_नंदनवन
२२ मे, रात्री ११.५२

खिशात कांदा ठेवला होता का? आमच्या आजीनं आयुष्यात कांद्याशिवाय उंबरा नाही ओलांडला.


मेडिकलवाली, महाल
२२ मे, रात्री ११.५५

होता. दोन होते. गरम झाले होते तेही.


रात्रपाळी
२३ मे, पहाटे २.१०

ताई, मेडिसिनचा निवासी डॉक्टर आहे, वॉर्डातून लिहितोय, म्हणून थोडक्यात. अंग तापलेलं आणि माणूस भलतंच बोलतोय, याला आम्ही उष्माघातच धरतो. बगलेतलं माप आतल्या तापमानापेक्षा कमी येतं, म्हणजे १०३.४ दिसलं तेव्हा आत ४० सेल्सियसच्या वर असण्याची पूर्ण शक्यता होती. अशा वेळी पहिला फोन १०८ ला, आणि गाडी येईपर्यंत ओली चादर नि वारा. नवऱ्यानं केलं तेच खरं औषध. भ्रमात असलेल्या माणसाला पन्हं पाजू नका, श्वासनलिकेत गेलं तर दुसरंच संकट.

पॅरासिटामॉलचं असं आहे की तापात मेंदूतला हायपोथॅलॅमस स्वतःच तापमानाची ठरवलेली पातळी वर नेऊन ठेवतो, गोळी ती खाली आणते. उन्हानं तापलेल्या माणसात ही पातळी जागेवरच असते, उष्णता बाहेर पडायला वाट नसते. तिथं ही गोळी काय करणार?

सकाळी नेताच आहात तर मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि सोडियम-पोटॅशियम बघायला सांगा. चार्टचं दुसरं कुणी समजावेल, माझा बेड नंबर नऊ बोलावतोय.


निवृत्त मास्तर, धरमपेठ
२३ मे, सकाळी ७.३०

ताई, मुलगी चार्ट बरोबर वाचतेय आणि तुमची बनियनही खरंच बोलतेय. चार्टमधली एक तळटीप छापायची राहिली आहे. शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. या तळटिपेवर दर वर्षी तोंडी परीक्षेत कुणी ना कुणी आपटायचंच.

स्वायत्त चेतासंस्थेची तार दोन तुकड्यांची असते. मज्जारज्जूतून किंवा मेंदूतून निघालेला पहिला तुकडा वाटेतल्या गंडिकेत (चेतापेशींच्या गाठीत) संपतो, तिथून दुसरा तुकडा अवयवापर्यंत जातो. पहिल्याच्या टोकाला अनुकंपी (चार्टमधली सिम्पथेटिक) असो की परानुकंपी (पॅरासिम्पथेटिक), अ‍ॅसिटिलकोलीनच सुटतं. फरक दुसऱ्याच्या टोकाला. परानुकंपी तिथंही अ‍ॅसिटिलकोलीन सोडते, अनुकंपी बहुधा नॉरअ‍ॅड्रेनलिन. मुलीला म्हणावं, या 'बहुधा'खाली पेन्सिलीनं रेघ ओढ. घामाच्या ग्रंथीकडे जाणारी तार पक्की अनुकंपी, मज्जारज्जूच्या छाती-कमरेच्या भागातूनच निघालेली. पण टोकाला सोडते अ‍ॅसिटिलकोलीन. हेन्री डेल आणि विल्हेल्म फेल्डबर्ग यांनी १९३४ मध्ये मांजराच्या पंजावर हे दाखवलं. मांजराला घाम येतो तो मुख्यतः तळव्यांच्या गाद्यांना, म्हणून पंजा. डेल यांना दोनच वर्षांनी ऑटो लोवी यांच्याबरोबर नोबेल मिळालं, चेतातंतूंची टोकं रसायनातून बोलतात हे सिद्ध केल्याबद्दल.

आता गोळी. गोळीला तार कुठून आली हे दिसत नाही. तिला दिसते फक्त पेशीच्या पटलावरची कडी, म्हणजे जिच्यावर अ‍ॅसिटिलकोलीन येऊन बसतं ती जागा. मस्कॅरिनिक, तिसरा प्रकार, आपण एम-३ म्हणतो. ही कडी मूत्राशयाच्या स्नायूवर आहे, लाळग्रंथीवर आहे, आतड्यावर आहे आणि घामाच्या ग्रंथीवरही आहे. गोळी कडीवर जाऊन बसली की पाहुण्याला हातच लावता येत नाही. मूत्राशय गप्प, खर्रा कोरडा, बनियन स्वच्छ. मामाजींना शौचाला साफ होतं का, तेही विचारा. मला वाटतं होत नसावं.

कडी वाजल्यावर आत काय होतं हे मला चार्टपेक्षा जास्त आवडतं, म्हणून जरा रेंगाळतो. घामाची ग्रंथी म्हणजे कातडीखाली वेटोळं करून बसलेली एक नळी. वेटोळ्यातल्या पेशी मागच्या बाजूनं मीठ आत भरून ठेवतात. तिथं एक वाहक प्रथिन आहे, ते एका फेरीत एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड आत ओढतं. हा वाहक फुकट फिरत नाही. शेजारी सोडियम-पोटॅशियम पंप अखंड चालू असतो, दर फेरीला तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत, खर्च पेशीच्या इंधनाचा, म्हणजे एटीपीचा, एक रेणू. त्यानं आतलं सोडियम कमी राखलं म्हणून बाहेरचं सोडियम आत यायला धडपडतं, आणि त्या धडपडीवर क्लोराइड स्वार होतं. हा पंप डेन्मार्कच्या जेन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंत शोधला. नोबेलला १९९७ उजाडलं, चाळीस वर्षं.

म्हणजे गोदाम भरलेलं आहे. कडी वाजली की पेशीत कॅल्शियम वाढतं, नळीच्या बाजूचे क्लोराइडचे दरवाजे उघडतात, क्लोराइड बाहेर धावतं, ऋण भारामागं सोडियम पेशींच्या फटीतून येतं, आणि मिठामागं पाणी. हाच घाम. मामाजींचं गोदाम भरलेलं होतं, पंप चालू होता. दाराची कडीच वाजली नाही.

राहिल्या तुमच्या यजमानांच्या बनियनीवरच्या रेघा. वेटोळ्यातून निघालेला घाम रक्ताइतकाच खारट असतो. वर जाताना नळीच्या भिंती त्यातलं सोडियम आणि क्लोराइड परत शोषतात, पण पाण्याला तिथून वाट नाही, म्हणून कातडीवर येतो तो पातळ झालेला घाम. घाम जोरात सुटला की भिंतींना वेळ पुरत नाही, मीठ निसटतं. उन्हाची सवय झाली की अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक भिंतींना जास्त कामाला लावतं, तेव्हा जूनच्या सुरुवातीला त्या रेघा फिकट झाल्या का, जरूर बघा. क्लोराइड परत ओढणारा दरवाजा जन्मतःच बिघडलेला असेल, तर त्या आजाराला सिस्टिक फायब्रोसिस म्हणतात. १९४८ च्या न्यूयॉर्कच्या उष्णतेच्या लाटेत ही मुलं शुष्क होऊन दवाखान्यात येऊ लागली, आणि त्यावरून त्यांच्या घामातलं जादा मीठ डॉक्टरांच्या ध्यानात आलं. आजही त्या आजाराची तपासणी घामाचीच असते.

शेवटची एक गंमत. उंदराच्या पिल्लात पंजाच्या घामग्रंथीकडे जाणारे तंतू सुरुवातीला चार्टप्रमाणेच नॉरअ‍ॅड्रेनलिन बनवतात. ग्रंथीपाशी पोचले की ग्रंथीच त्यांचं मन वळवते आणि ते अ‍ॅसिटिलकोलीनवर येतात. सासरी आल्यावर माणूस भाजीत तिखट वाढवतो, तसं.


कपाशीवाला, कळंब, जि. यवतमाळ
२३ मे, सकाळी ९.१५

मास्तर, तुमचं वाचून अंगावर काटा आला, कारण मी याचं उलटं चित्र पाह्यलं आहे. २०१७ चा हंगाम, आमच्या जिल्ह्यात फवारणीनं किती लोकं गेली ते सगळ्यांना माहीत आहे. माझा चुलता कपाशीत फवारून घरी आला तो घामानं असा भिजलेला की पावसातून आल्यासारखा. पाऊस नव्हता. तोंडातून लाळ, डोळ्यातून पाणी, बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या. डॉक्टरांनी सांगितलं, फवारणीच्या औषधानं अ‍ॅसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम बंद पाडलं आहे, ते साचत चाललं आहे. अ‍ॅट्रोपीनच्या, म्हणजे त्याची कडी अडवणाऱ्या औषधाच्या, सुया सुरू केल्या. दर काही मिनिटांनी नर्सबाई छाती ऐकायच्या आणि काखेत हात घालून बघायच्या. काख कोरडी झाली तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या. तेव्हा मला कळलं नव्हतं काखेचं काय एवढं. आज कळलं.

चुलता वाचला. पण दुसऱ्या दिवशी अंगात ताप, हवेतून काहीतरी वेचत होता, माझ्या बापाला ओळखेना. डोस कमी केल्यावर उतरलं. ताई, तुमच्या मामाजींसारखंच की हे.


निवृत्त मास्तर, धरमपेठ
२३ मे, सकाळी ९.४०

अगदी तेच, फक्त दुसऱ्या दरवाजानं आलेलं. धोत्र्याच्या बिया खाल्लेल्या पोराचंही असंच होतं, अ‍ॅट्रोपीनचं कूळ तेच. महाशिवरात्रीला पिंडीवर वाहा, पण पोरांच्या हाती लागू देऊ नका.


मेडिकलवाली, महाल
२३ मे, दुपारी ३.०५

सर, तुमची पोस्ट मुलीनं दोनदा वाचली आणि चार्टवर त्या 'बहुधा'सकट तळटीप लिहिली. शौचाचं विचारलं. मामाजी म्हणाले, "पंधरा दिवस झाले, हे काय बाईमाणसाला सांगायची गोष्ट आहे?" घ्या.

मी माझ्या डोक्यात असं बसवलं. आपला कूलर बघा. टाकी भरलेली, पंखा गरगर फिरतोय, पण पंप बंद, म्हणून वाळ्याच्या ताट्या कोरड्या. खोलीत गरम वाराच फिरणार. मामाजींच्या अंगात पाणी होतं, रक्त कातडीकडे धावत होतं म्हणून तर लाल दिसत होते, ताटी तेवढी कोरडी. नवऱ्यानं चादर ओली केली म्हणजे ताटीच बाहेरून भिजवली. बरोबर ना?

मग माझ्या ओआरएसचं काय झालं? मे महिन्यात दिवसाला साठ-सत्तर पाकिटं विकते मी. आणि त्यात साखर कशाला असते, हे सतरा वर्षांत मी कुणाला विचारलं नाही आणि मला कुणी विचारलं नाही.


निवृत्त मास्तर, धरमपेठ
२३ मे, संध्याकाळी ६.२०

कूलरचं उदाहरण मी वर्गात वापरलं असतं, पेन्शन सुरू झाल्यावर सुचवलंत. त्याला आकडा जोडतो. एक लिटर घाम उडून गेला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. घाम नुसता टपकला तर काहीच नेत नाही, म्हणून कूलर मेमध्ये चालतो आणि जुलैत चिकचिक करतो.

ओआरएस टाकी भरतं. मामाजींची टाकी रिकामी नव्हतीच, त्यामुळे त्यात दोष पाकिटाचा नाही. साखरेचं असं की आतड्याच्या पेशीवर एक वाहक आहे, तो सोडियम एकट्याला आत घेत नाही. दोन सोडियमबरोबर एक ग्लुकोज लागतं. तिघं आत गेले की मागून पाणी. हटवादी रिक्षावाला, पूर्ण सवारी भरल्याशिवाय हलणार नाही. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली. कॉलऱ्यात आतड्याचे क्लोराइडचे दरवाजे सताड उघडे राहतात, बादल्याच्या बादल्या पाणी जातं, तरी हा वाहक शाबूत असतो. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममधून, नातेवाइकांच्या हातून पाजलं. तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू चार टक्क्यांच्या आत आले. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

आणि काउंटरवर एक सांगत जा, मोठं पाकीट म्हणजे एक लिटर पाणी, पेलाभर नव्हे. आजच्या सूत्रात, २००२ पासून, सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल असं समसमान आहे. पेल्यात घोळलं की ते इतकं दाट होतं की आतडंच उलट पाणी बाहेर सोडतं.


मेडिकलवाली, महाल
२३ मे, रात्री १०.१०

परवा मी पेल्यातच घोळलं होतं सर. बाकी काही बोलत नाही.


भाऊ_नंदनवन
२३ मे, रात्री १०.३०

डॉक्टर काय म्हणाले ते तर सांगा. आम्ही सकाळपासून वाट पाहून राहिलो.


मेडिकलवाली, महाल
३ जून, सकाळी ८.००

उशीर झाला, नवतपा (मे अखेरचे नऊ तापलेले दिवस) आणि दुकान दोन्ही एकदम अंगावर आले होते.

तपासण्या ठीक निघाल्या, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन किंचित वर होतं, ते परत बघायचं आहे. डॉक्टर आमच्यावर रागावले, मग जरा स्वतःवरही, कारण एप्रिलमध्ये लिहिताना उन्हाचं बोलायचं राहिलं होतं. सॉलिफेनासिन बंद. बीपी दोनदा मोजून मिराबेग्रॉन सुरू केली. ही अ‍ॅसिटिलकोलीनच्या वाटेला जात नाही. मूत्राशयाच्या स्नायूवर अनुकंपीची बीटा-३ कडी असते, ती वाजवून स्नायू सैल सोडायला लावते. मुलीनं चार्ट काढून बोट ठेवलं, "डावा रकाना!" तिच्या आवाजात असा जोर होता की डॉक्टरांनी तिला कितवी रँक पाहिजे ते विचारलं.

जुन्या गोळीचं अर्धायुष्य दोन दिवसांच्या आसपास, त्यामुळे घाम लगेच परतला नाही. तोवर मामाजींना दुपारी बाहेर पाठवलं नाही, दर तासाला मान आणि हात ओल्या फडक्यानं पुसत होते. काउंटरवरही आता सॉलिफेनासिन, पोटातल्या कळांची डायसायक्लोमिन, पार्किन्सनची ट्रायहेक्सिफेनिडिल, यातलं काही घेणारं म्हातारं माणूस आलं की विचारते, घाम येतो का? लोक चमत्कारिक बघतात. काल एका काकूंनी सांगितलं, "बाई, मी गोळी घ्यायला आली, लग्नाला नाही."

सहाव्या दिवशी धुण्याच्या बादलीत मामाजींची बनियन उलटी करून पाहिली. काखेत पिवळट ओल, पाठीवर बोटभर पांढरी रेघ. मी ती तशीच नवऱ्याला दाखवायला नेली, तो म्हणाला, सकाळी सकाळी काय हे. खर्राही ओला होऊ लागलाय, तेवढं एक नुकसान झालं.

आणि आत्ता मामाजी ओसरीवरून ओरडून राहिले आहेत, अंग नुसतं चिपचिप होऊन राहिलं, कूलरवाल्याला बोलव, पंप बिघडला दिसतो.